आहारतज्ज्ञांकडे गेलो, पण भात सुटला नाही

२०२३ च्या पावसाळ्यात माझ्या यजमानांना मधुमेह निघाला. चपलेचा पट्टा घासून पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती. महिना झाला तरी ती सुकेना. आरोग्य केंद्रात नेलं, तर डॉक्टरांनी आधी साखर तपासली. उपाशीपोटी १७८. मग तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी केली, ती ९.१ आली. साडेसहा किंवा त्याच्या वर आली की मधुमेह धरतात. "ही आजची साखर नाही, वर्ष-दोन वर्षं तरी अंगात असणार," डॉक्टर म्हणाले.

आम्ही गोव्यातल्या मोपाचे. पूर्वी पठारावर आमची काजूची थोडी झाडं होती. मार्च-एप्रिलात बोंडू गोळा करायचे, पावसात थोडी नाचणी, बाकी वर्षभर गुरं. यजमानांचं चालणं दिवसाला किती व्हायचं त्याला माप नव्हतं. सकाळी पेज, दुपारी-रात्री भात आणि माशांचं हुमण पोटभर खाल्लं तरी ते जिरत होतं. पठार विमानतळासाठी गेलं. मधली काही वर्षं मिळेल ते काम केलं. ५ जानेवारी २०२३ पासून विमानांची ये-जा सुरू झाली आणि यांनी कर्ज काढून टॅक्सी घेतली. आता दहा-बारा तास बसून काम. जेवण होतं तेवढंच राहिलं, अंगमेहनत गेली. आमच्या भागात अशी घरं बरीच आहेत, म्हणून हे लिहिते आहे. २०२३ च्याच जूनमध्ये आयसीएमआरच्या देशभरातल्या पाहणीचे आकडे पेपरात आले होते. मधुमेहाचं प्रमाण देशात ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४ टक्के, सगळ्या राज्यांत जास्त. चार मोठ्या माणसांत एक.

डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. गोड बंद, भात कमी, रोज चालणं. बाहेर रांग मोठी होती. "भात कमी म्हणजे किती?" हे विचारायचं माझ्या मनात होतं, पण विचारायला धीर झाला नाही.

मग घरात सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं दिवसातून दोनदाच जेवा. कोणी कारल्याचा रस सांगितला. मुलाच्या ओळखीतून एका आहार-कोचचं नाव आलं. काम सगळं फोनवरून. तीन महिन्यांचं पॅकेज, पैसे आगाऊ. शिवाय प्रोटीन पावडरचा डबा त्यांच्याकडूनच घ्यायचा. त्यांनी उंची, वजन, वय विचारलं आणि समोरून-बाजूने फोटो मागवले. दुसऱ्या दिवशी तक्ता आला. सकाळी पावडरचा शेक, दुपारी किन्वा आणि ब्रोकोली, रात्री पुन्हा शेक. भात पूर्ण बंद. पेडण्याच्या बाजारात किन्वा कुठला मिळणार? मुलाने तो पर्वरीहून आणला. आमच्या घरात त्याचा वास कोणाला आवडला नाही, तरी यजमानांनी खाल्ला. पहिल्या आठवड्यात वजन उतरलं. सगळे खूश झालो.

पण कुठली गोळी चालू आहे, हे त्या माणसाने एकदाही विचारलं नव्हतं.

एका रात्री हे विमानतळावर टॅक्सीच्या रांगेत होते. संध्याकाळची गोळी घेतलेली, पोटात फक्त शेक. अकराच्या सुमाराला घाम फुटला, हात थरथरू लागले, समोरच्या गाडीचा नंबर वाचता येईना. मागच्या गाडीतल्या चालकाच्या आईला साखर आहे. त्याने बघताच ओळखलं. टपरीवरून साखर घालून सरबत आणलं आणि पाजलं. थोड्या वेळाने हे सावरले. त्याने नंतर यांना आपल्या घरी नेऊन आईच्या मशीनवर साखर बघितली. सरबत पिऊनसुद्धा ती ६६ होती. सत्तरच्या खाली गेली की धोका. घरी आले तेव्हा शर्ट पूर्ण भिजलेला होता. गाडीत प्रवासी असता आणि हे धारगळच्या बाजूला उतारावर असते तर, हा विचार माझ्या डोक्यातून कितीतरी दिवस गेला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी नीट समजावलं. मेटफॉर्मिनने सहसा असं होत नाही. ग्लिमेपिराइड वेगळी. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही हे ती बघत नाही. भात एकदम बंद केला आणि गोळी तेवढीच ठेवली, तर साखर खाली जाणारच. खाणं बदलायचं असेल तर गोळीचा हिशेब डॉक्टरांनी त्याच वेळी करायला हवा. त्यांनी गोळीची मात्रा कमी केली. पावडरचं ऐकून मूत्रपिंडाची तपासणीही करायला लावली. क्रिएटिनिन किंचित वर निघालं. पावडर त्याच दिवशी बंद. मधुमेहात मूत्रपिंडावर आधीच ताण असू शकतो, अशा वेळी कोणाच्या सांगण्यावरून डब्यातलं प्रोटीन घेऊ नये, असं त्यांनी बजावलं.

कोचला फोन केला तर उत्तर मिळालं, शरीरातली घाण बाहेर पडते आहे, चार दिवस थांबा. थांबलो नाही. पैसे परत मिळाले नाहीत.

डॉक्टरांनी म्हापशातल्या एका आहारतज्ज्ञांचं नाव सुचवलं. त्या आधी एका इस्पितळात काम करत होत्या, आता स्वतः बसतात. जाण्याआधी मुलाने थोडी माहिती काढली. 'कोच' ही पाटी कोणीही लावू शकतो. आहारतज्ज्ञ होण्यासाठी पोषणशास्त्राची पदवी लागते, आणि इंडियन डायेटेटिक असोसिएशनची परीक्षा उत्तीर्ण झालेले लोक नावापुढे नोंदणीकृत आहारतज्ज्ञ असं लावतात. २०२१ मध्ये केंद्राने आरोग्याशी संबंधित व्यवसायांसाठी जो कायदा केला त्यात आहारतज्ज्ञही आहेत. मॅडमनी आपली पदवी भिंतीवर लावलेली होती. ती वाचायला मला संकोच वाटला नाही.

पहिली भेट तासभर चालली. पहिला प्रश्न होता, गोळ्या कुठल्या आणि किती वाजता घेता. दुसरा, स्वयंपाक कोण करतं. मी पुढे झाले. मग बहुतेक प्रश्न मलाच. महिन्याला तांदूळ किती लागतो, तेल किती, साखर किती, दिवसाला नारळ किती. आमच्याकडे चार माणसं. तांदूळ चोवीस किलो, खोबरेल तेल चार लिटर, नारळ रोज एक, पाहुणे असले की दोन. मासे तळता की आमटीत घालता? तळताना तेल किती, उरलेलं तेल पुन्हा वापरता का? सोमवार-गुरुवार मासे नसताना काय करता? यांना स्वतंत्र विचारलं, पिता का, किती. ड्युटी कुठली, रात्री कधी आणि काय खाता, झोप किती होते. वजन ८१ किलो भरलं. टेपने पोट मोजलं, १०२ सेंटीमीटर. भारतीय पुरुषांत नव्वदच्या वर गेलं की ते जास्त धरतात. वजनाच्या आकड्यापेक्षा ही टेप जास्त बघा, असं त्या म्हणाल्या. भराभर वजन उतरलं होतं ते सांगितल्यावर म्हणाल्या, भात-पोळी एकदम बंद केली की पहिल्या आठवड्यात उतरतं ते बहुतेक पाणी असतं.

खरं सांगते, तेल आणि नारळाचे प्रश्न मला टोचले. तीस वर्षं ज्या हातचं सगळे बोटं चाटून खातात त्याच हातावर बोट ठेवल्यासारखं वाटलं. मॅडमच्या ते लक्षात आलं असावं. "काकू, तुमचं जेवण चांगलंच आहे. मला फक्त प्रमाण बघायचंय," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी तक्ता दिला नाही. एक वही दिली. आठवडाभर जे तोंडात जाईल ते वेळेसकट लिहायचं, चहासुद्धा. काही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. आणि मला एक वाटी ठरवायला सांगितली. घरातली एक स्टीलची वाटी निवडा, भात, भाजी, उसळ, सगळं तिनेच वाढा.

वही घेऊन पुन्हा गेलो. मॅडमनी आधी चहावर बोट ठेवलं. विमानतळावर रांगेत थांबायचं म्हणजे चहा होतोच. दिवसाला सात, प्रत्येकात दोन चमचे साखर. चहाच्या चमच्यात पाच ग्रॅम धरली तर सत्तर ग्रॅम. दिवसभरात पंचवीस ग्रॅमच्या आत राहायचं, तेसुद्धा निरोगी माणसाने. गोड बंद केलंय असं आम्ही समजत होतो, कारण लाडू-शिरा बंद होता. चहा कोणाच्या ध्यानातच नव्हता.

दुसरा मुद्दा भात. दुपारी यांच्या पानात वाटीने मोजून चार वाट्या निघाल्या, रात्री तीन. मॅडम म्हणाल्या, उकडा तांदूळच ठेवा, पण दुपारी दोन वाट्या, रात्री एक. पान वाढायची रीत बदला. अर्ध्या पानात भाजी आणि कोशिंबीर, पाव भागात मासे किंवा कडधान्य, उरलेल्या पाव भागात भात. आधी भाजी आणि मासा खायचा, भात शेवटी. आमच्याकडे उलटं होतं. भाताचा डोंगर, त्यावर हुमण, बाजूला चमचाभर भाजी.

पुढे मे २०२४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची नवी आहारसूत्रं आली, तेव्हा मॅडमनी त्यातलं ताटाचं चित्र आम्हाला दाखवलं. दोन हजार कॅलरीच्या दिवसाला धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, डाळ-अंडी-मासे मिळून ८५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. भाज्या धान्यापेक्षा जास्त, हे बघून आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. प्रोटीन पावडर टाळा, असंही त्या सूत्रांत आहे.

सगळ्यात उपयोग झाला तो साखर मोजायच्या मशीनचा. मॅडमनी सांगितलं, मी म्हणते म्हणून ऐकू नका, स्वतः बघा. एखादा पदार्थ खाण्याआधी मोजायची, मग पहिल्या घासापासून दोन तासांनी. पेज पौष्टिक, ती प्यायल्याने काय होणार, असा यांचा ठाम समज. मोठा वाडगा पेज आणि लोणचं, दोन तासांनी साखर २३० च्या वर. त्याच तांदळाची एक वाटी पेज, सोबत आळसांद्यांचं टोणक आणि भाजी घेतली तेव्हा १७० च्या आसपास. यांनी तो आकडा दोनदा बघितला. त्यानंतर पेजेवरून घरात वाद झाला नाही. नाचणीचंही तसंच. नाचणी चांगली, पण दूध-गूळ घालून पातळ खीर केली की साखर चढते. भाकरी केली आणि सोबत भाजी घेतली की कमी चढते. पोयीचंही बघितलं. कोंड्याची म्हणून हे सकाळी तीन खायचे. मॅडम म्हणाल्या, पोई मोडून आत बघा. आतून पांढरी शुभ्र असेल तर मैदाच जास्त आणि कोंडा वरून लावलेला. आता एक पोई आणि मुगाची पातळभाजी.

रात्रीच्या ड्युटीचा प्रश्न सर्वांत अवघड होता. आधी हे मध्यरात्री गाड्यावर रस-ऑम्लेट आणि चार पाव खायचे. मॅडमनी गाडा बंद करायला सांगितलं नाही. ऑम्लेट चालेल, पाव एक, रस अर्धा, आणि शक्यतो दहाच्या आत. घरून डबा, त्यात उकडलेली चवळी किंवा चणे, काकडी. गाडीत ग्लुकोजची पुडी कायम. साखर खाली गेल्यासारखी वाटली तर गाडी बाजूला घ्यायची, तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज घ्यायचं, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा मोजायचं, तोवर चाक हातात धरायचं नाही. ही पुडी मी स्वतः तपासते.

माझ्या बाजूने तेल चार लिटरवरून अडीचवर आलं. नारळ पूर्ण सोडायचा नाही असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. अर्ध्या नारळावर आणलं. मासे रव्यात घोळवून तळायची जागा तव्यावर थोड्या तेलात भाजण्याने घेतली, तळलेला रविवारी. तारले आणि बांगडे हे स्वस्त मासेच चांगले, इसवणाच्या मागे लागू नका, हे ऐकून मात्र बरं वाटलं.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी ९.१ वरून ८ वर आली. मला वाटलं होतं सहावर येईल. निराश झाले. मॅडम म्हणाल्या, तीन महिन्यांत एकाने उतरणं चांगलं आहे, घाई केली की पुन्हा ते शेकचे दिवस येतील. पुढे दीड-दोन महिने वजन एका जागी थांबलं. हे वैतागले, दोन आठवडे वही लिहिली नाही. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, वही राहू दे, फक्त रात्रीचं जेवण लिहा. त्या काळात चालणं वाढवायला लावलं. टॅक्सीच्या रांगेत बसून राहण्यापेक्षा जेवल्यावर पंधरा मिनिटं पार्किंगच्या कडेने चालायचं. त्याने दोन तासांनंतरचे आकडे उतरले, वजन नंतर उतरलं.

२०२४ चा पावसाळा आला आणि नवी अडचण उभी राहिली. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना बंदी, ताजे मासे कमी आणि महाग. आमच्या घरात या दिवसांत सुकं चालतं, गालमो, खारे बांगडे, सुंगटांची किसमूर. यांना रक्तदाबही सुरू झाला होता. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, आणि खाऱ्या माशात ते किती! मॅडमनी आठवड्यातून एकदा, थोडं आणि भिजवून पाणी टाकून, असं बसवलं. बाकी दिवस कुळीथ, मूग, अंडी. पावसाच्या भाज्या तर दारातच होत्या. टाकळा, अळू, फागलां, शेवग्याचा पाला. किन्व्यासाठी मुलगा पर्वरीला गेला होता आणि टाकळा कुंपणापाशी उगवत होता.

चवथीला आमच्या मूळ घरी सगळे जमतात. नेवऱ्या, पातोळ्या, खीर. आधीच्या भेटीत मी विचारून ठेवलं होतं. उत्तर सोपं होतं. गोड त्या दिवशी जेवणाच्या पानातच घ्या, मधल्या वेळी नको. एक नेवरी घेतली तर भात एक वाटी कमी. मोठ्या जाऊबाई आग्रह करत होत्या, तेव्हा हे स्वतःच म्हणाले, "वहिनी, एक घेतली, आता पुरे." मला ते ऐकून डोळ्यांत पाणी आलं. कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून मी आत गेले.

आज वजन ७५ आहे, पोट ९५ सेंटीमीटर, एचबीएवनसी ७ च्या जरा खाली. ग्लिमेपिराइड डॉक्टरांनी पुढे पूर्ण थांबवली, मेटफॉर्मिन चालू आहे. क्रिएटिनिन पावडर बंद केल्यावर पुन्हा मर्यादेत आलं. अंगठ्याची जखम केव्हाच भरली. पहिल्या भेटीला हजार रुपये लागले, पुढच्या भेटींना पाचशे. सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी जात होतो, आता तीन महिन्यांनी. ज्या कोचचे पैसे बुडाले त्याच्या पॅकेजपेक्षा हा सगळा खर्च कमी झाला. ज्यांना तेवढंही जड जातं त्यांनी सरकारी इस्पितळात आहारतज्ज्ञ कुठल्या दिवशी बसतात याची चौकशी करावी. गोमेकॉला (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात तपासणीला जात असाल तर तिथेच विचारा, वेगळी खेप पडणार नाही.

आमच्या मोपा-वारखंड-नागझरच्या लोकांना माझं एवढंच सांगणं आहे. कोणाकडेही गेलात तरी पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारा. शिक्षण काय, स्वतः काही पावडर किंवा औषध विकता का, आणि गरज पडली तर आमच्या डॉक्टरांशी बोलाल का. महिन्यात दहा किलोची हमी देणाऱ्याला नमस्कार करून परत या. जाताना गोळ्यांची पाकिटं आणि सगळे रिपोर्ट सोबत न्या. आणि घरात जी व्यक्ती स्वयंपाक करते तिला बरोबर न्या, तिला घरी ठेवून जाऊ नका.